दाराच्या मागची शेळी



परवा रात्री वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलो आणि रिक्षा केली. रिक्षावाला पोरगा नवा होता, त्याला रस्ते ठाऊक नव्हते. त्यानं मोबाइल समोर अडकवला आणि वाट सांगणारी बाई बोलायला लागली. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, सगळं नीट चाललं होतं. मग ती म्हणाली, ‘गोकिव्हेअर.’ पोरानं रिक्षा बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाला, ‘अंकल, आपने तो गोखिवरे बोला था.’ त्याला काय सांगणार? म्हटलं, चल बाबा, दोन्ही एकच गाव आहे.

त्या बाईचं तरी काय चुकलं? इंग्रजीत केअर आणि शेअर या शब्दांना जे शेपूट असतं, तेच आमच्या गावाच्या स्पेलिंगला आहे. ती तिच्या शाळेत शिकली तसं वाचते. आणि आज मला बोलायचंय ते याच विषयावर. परदेशात गेल्यावर इंग्रजीच्या उच्चारांनी जे घोटाळे होतात, ते नेमके कुठे होतात? बोलणाऱ्याच्या तोंडात की ऐकणाऱ्याच्या कानात?

मी भाषेचा प्राध्यापक नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोखिवऱ्याच्या औद्योगिक भागात माझा लहानसा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. गनमेटलचे बुश बनवतो. या बुशांपायी एकदा इंग्लंड-स्कॉटलंडला जाणं झालं, आणि मुलगा ऑकलंडला असल्यामुळे न्यूझीलंडही पाहिलं. शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी पाचवीपासून. एवढीच माझी पात्रता.

तसं पाहिलं तर आमच्या वसईला या प्रकाराची जवळजवळ पाचशे वर्षांची सवय आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यांना ‘वसई’ काही जमेना, त्यांनी तिचं ‘बासाइं’ केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, पण त्यांनी पाडलेलं नाव मागे राहिलं. इंग्रजांनी ते उचललं आणि त्याचं आणखी एक रूप केलं, बसीन. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं सही केली तो आपल्या लेखी वसईचा तह, आणि त्यांच्या पुस्तकांत बसीनचा तह. आमचं स्टेशनसुद्धा पूर्वी बसीन रोड होतं. मुंबईसमोरच्या समुद्रात जिथून नैसर्गिक वायू काढतात, त्या एका क्षेत्राचं नाव आजही बसीन आहे.

खरी गंमत पुढे आहे. तिकडे ब्रह्मदेशात, इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशात पथेइन नावाचं शहर आहे. त्याचंही इंग्रजांनी बसीनच केलं! आता वसई आणि पथेइन. मोठ्यानं म्हणून बघा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध लागतो का? पण साहेबाच्या कानात शिरली आणि जुळी भावंडं होऊन बाहेर पडली. त्या काळात कुणाचं सामान कुठल्या बसीनला गेलं असेल, देव जाणे.

मुंबईतही तेच. शीव म्हणजे गावाची हद्द, वेस. तिचं सायन झालं, आणि आता आपण मराठी माणसंसुद्धा रिक्षावाल्याला सायनच सांगतो. याहून मोठा मासला हवा असेल तर तो एका शब्दकोशाच्या नावातच आहे. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा जाडजूड कोश काढला. त्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. वाटतं की दोन गोऱ्या व्यापाऱ्यांची पेढी असावी. पण ते आलं मोहरमच्या मिरवणुकीतून. लोक छाती पिटत ‘या हसन, या हुसेन’ म्हणत जात, आणि रस्त्याकडेला उभ्या गोऱ्या शिपायांना ऐकू येई हॉब्सन-जॉब्सन. त्यांच्या कानांनी ओळखीची दोन आडनावं शोधून काढली. कान तसाच असतो. अनोळखी काही आलं की त्याला ओळखीचे कपडे घालून आत घेतो.

साहेबाला हसण्याआधी माझ्या गाळ्यात या. भिंतीवर पाने टांगलेत, त्यांच्या शेजारी वाकड्या सळयांचा जुडगा आहे. षटकोनी खाचेचे स्क्रू त्यानं पिळतात. अॅलन नावाच्या एका अमेरिकी कारखानदारावरून त्याला अॅलन की म्हणतात. आमच्याकडे ती ‘एलएन की’. हार्डवेअरच्या दुकानातल्या बिलावर सरळ एल आणि एन अशी दोन इंग्रजी अक्षरं मांडलेली असतात. मी बावीस वर्षं तसंच लिहिलं. मला वाटायचं, एल म्हणजे लांब असणार. वॉशरचा ‘वायसर’ तर नळदुरुस्तीवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या गाळ्यात कुणी शुद्ध ‘वॉशर’ मागितला तर पोरं विचारतील, कपड्याचं मशीन का?

आता आमच्या पहिल्या परदेशी ऑर्डरची गोष्ट. ग्लासगोचं गिऱ्हाईक होतं, त्यानं नमुना पसंत केला आणि रात्री फोनवर ऑर्डर सांगितली. मी कागदावर लिहून घेतली, पन्नास नवे बुश. लेखी ऑर्डर दोन दिवसांनी येईल म्हणाला. पण पहिलीच ऑर्डर, दम कुठला धरवतो! आम्ही त्याच रात्री लेथ चालू केली. लेखी ऑर्डर आली, तिच्यावर पंधरा. फिफ्टीन आणि फिफ्टी.

हा घोटाळा का झाला हे मला पुढे कधीतरी कळलं. इंग्रजीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा याला फार किंमत आहे. फिफ्टीमध्ये जोर पुढे, फिफ्टीन एकटा असेल तर जोर मागे. मराठीत जोरावरून अर्थ बदलत नाही. ‘पन्नास’ तुम्ही कसंही ठोका, पन्नासच. म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही, आपण शेवटच्या ‘न’ची वाट पाहत बसतो. आणि त्यानं म्हटलं होतं ‘फिफ्टीन न्यू बुशेस’. एक न संपला आणि दुसरा सुरू झाला, दोन्ही एकमेकांत विरघळले. मी ऐकलं ‘फिफ्टी न्यू’. पस्तीस बुश माझ्याकडे उरले. गनमेटलचा भाव ज्यांना माहीत आहे, त्यांना माझ्या पोटात काय कालवलं ते सांगायला नको. त्यातले सहा अजून घरात आहेत, कागदांवर वजन म्हणून.

तेव्हापासून आमच्या गाळ्यात नियम आहे. आकडा फोनवर सुटा सुटा बोलायचा. वन-फाइव्ह. फाइव्ह-झिरो. मला वाटत होतं ही माझी अक्कल. नंतर समजलं की विमानवाले हे केव्हापासून करतात. त्यांनी तर त्याच्याही पुढे जाऊन शब्दांचे उच्चारच मोडून घेतलेत. तीनला ‘ट्री’ म्हणायचं, कारण थ जगातल्या अर्ध्या लोकांना जमत नाही. पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’, म्हणजे खरखरत्या रेडिओवर पाच आणि नऊ एकमेकांत मिसळायला नकोत. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही जी माळ आहे ती १९५६ पासून लागू आहे. बी आणि पी एकसारखे ऐकू येतात ना? मग बी म्हणजे ब्राव्हो आणि पी म्हणजे पापा. भांडणच मिटलं.

त्यांना हे करावं लागलं, कारण तिथे पस्तीस बुशांवर भागत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक अशी दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. चौकशीत जी कारणं निघाली, त्यांत कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हेही एक होतं.

असो. आपण हसण्याच्या गोष्टींकडे येऊ.

बर्मिंगहॅमला यंत्रांचं प्रदर्शन होतं, नोव्हेंबरातलं. तिथून पुढे ग्लासगोच्या त्या गिऱ्हाइकाला भेटायचं. वसईकराकडे थंडीचा कोट कुठून असणार? माझे साडू एकदा काश्मीरला जाऊन आले होते, त्यांचा काळा लोकरी कोट मी उसना नेला. ‘जपून हं,’ त्यांनी तीनदा बजावलं. ते कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर.

बर्मिंगहॅमला एका आजीबाईंच्या घरी उतरलो होतो. वर दोन खोल्या भाड्यानं देत आणि सकाळची न्याहारीही करून घालत. पहिल्या सकाळी त्यांनी समोर उकडलेलं अंडं ठेवलं. मी म्हटलं, ‘पेपर, प्लीज.’ त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्र घेऊन आल्या. मला वाटलं, इथली रीत असेल, आधी पेपर मग मिरपूड. वाचून झालं, मिरपूड काही येईना. दुसऱ्या दिवशी मी जरा ठासून म्हटलं, ‘पेपर, प्लीज, पेपर.’ त्यांनी दोन वर्तमानपत्रं आणली. तीन दिवस मी अळणी अंडं खाल्लं. पण इंग्लंडच्या फुटबॉलची इतकी माहिती गोखिवऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

याचं कारण आपल्या ‘ए’त आहे, श्रोतेहो. आपल्याकडे ए एकच. इंग्रजीत दोन. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन त्यांच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत, आखूड आणि लांब. आपण दोन्हीला एकच मात्रा देतो आणि मोकळे होतो. वर्तमानपत्र पेपर, मिरपूडही पेपर. डॉक्टर सांगतो ती टेस्ट, भेळेला असते तीही टेस्ट. दार ते गेट, आणि मिळवणं तेही गेट. घरात बसून आपल्याला कधी अडत नाही, कारण समोरच्याचा कानही आपल्याच बाराखडीचा असतो. बॅट आणि बॉलसाठी आपण डोक्यावर चंद्र घेऊन नवे स्वर केले, त्याबद्दल ज्यांनी केले त्यांना नमस्कार. पण या दुसऱ्या ‘ए’साठी कुणी काही केलं नाही, आणि माझं अंडं अळणी राहिलं.

चौथ्या दिवशी आगगाडीनं ग्लासगोला गेलो. उतरलो, वारा लागला आणि लक्षात आलं, अंगावर कोट नाही. साडूंचा कोट! बर्मिंगहॅमच्या खोलीत दारामागच्या खुंटीला. स्टेशनातूनच आजीबाईंना फोन लावला.

मी म्हटलं, ‘मॅडम, माय कोट इज इन युवर रूम.’

पलीकडे शांतता. मग, ‘युवर व्हॉट?’

‘कोट, मॅडम. ब्लॅक कोट.’

‘इन माय रूम?’

‘येस. बिहाइंड द डोअर. हँगिंग.’

आता जी शांतता पसरली ती फार वेळ टिकली. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘इज इट अलाइव्ह?’

कोट जिवंत आहे का? मला कळेना. मी म्हटलं, नो नो, इट इज वूल, इट इज माय ब्रदर-इन-लॉज. हे ऐकून त्यांनी फोन ठेवला. वर जाऊन बघून आल्या असाव्यात, कारण दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला आणि त्या इतक्या हसत होत्या की बोलता येईना. त्यांनी ऐकलं होतं ‘गोट’. माझी काळी शेळी त्यांच्या दारामागे टांगलेली आहे, आणि ती माझ्या मेहुण्याची आहे!

हे मला उलगडून दाखवलं आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं. ती मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. त्यांना सुरुवातीचे काही आठवडे नुसते उच्चारच शिकवतात. ती म्हणाली, काका, तोंडासमोर तळहात धरा. तुम्हीही धरा आता, रेडिओ ऐकताय, कुणी बघत नाही. म्हणा, ‘काल’. आता म्हणा, ‘खाल’. खालच्या वेळी तळहाताला वाऱ्याचा फुंकारा लागला ना? आपल्याकडे क आणि ख ही दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळे अर्थ. इंग्रजाकडे तसं नाही. तो शब्दाच्या सुरुवातीला क म्हणतो तेव्हा फुंकारा आपोआप येतो, आपल्या ख सारखा. आपला कोरडा क त्याच्या कानाला क वाटतच नाही. फुंकारा नाही, म्हणजे ग असणार. म्हणून कोटचा गोट. त्याच न्यायानं प चा ब होतो. माझं आडनाव प वरून, आणि बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात माझ्या छातीवर तीन दिवस ब लटकत होता. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं पी म्हणजे पापा!

थोडक्यात, ज्या गोष्टीचा आपल्याला अभिमान, क-ख, प-फ अशी काटेकोर अक्षरं, तिच्यामुळेच आपण अडकतो. मला तरी हा न्याय मजेशीर वाटतो.

ग्लासगोत मात्र वेगळंच घडलं. तिथली बोली मला सुरुवातीला अजिबात कळेना. पाण्याला ते वॉटर म्हणत नाहीत, मधला ट गिळून टाकतात, जणू उचकी लागली. पण र? त्यांचा र ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. लंडनचा माणूस ‘कार्ड’मधला र खाऊन टाकतो. ग्लासगोचा माणूस तो आपल्यासारखा जिभेवर वाजवतो. आणि गिऱ्हाइकानं माझ्या गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं, गोखिवरे. दिल्लीपासून बर्मिंगहॅमपर्यंत त्याचं काय काय झालेलं मी ऐकलंय. हा गडी पहिल्या फटक्यात म्हणाला, ‘गोखिवरे’. ख जरा घशातून खरवडून काढलेला, पण ख! मी विचारलं, जमलं कसं? तर तो म्हणाला, आमच्याकडे तलावाला लॉख म्हणतात. तो ख आम्हाला लहानपणापासून येतो. मी म्हटलं, अरे, माझ्या गावालाही तळं आहे. त्यानं त्याच क्षणी त्याचं नाव ठेवलं, लॉख गोखिवरे. पस्तीस बुशांचं दुःख मी तिथे बरंचसं विसरलो.

न्यूझीलंडला मात्र चूक कुणाची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑकलंडहून परत निघालो, बायको बरोबर होती. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ऑनलाइन चिकन?’ मी गोंधळलो. पण बायको माझ्यापेक्षा हजरजबाबी. म्हणाली, ‘नो, नो. नो चिकन. टुडे संकष्टी.’

मुलगी ‘चेक-इन’ म्हणत होती. तिकडचे स्वर संगीत खुर्ची खेळतात. पॅन म्हणायचं असेल तर आपल्याला ऐकू येतं पेन. पेन म्हणायचं तर पिन. मग पिनचं काय? तिची जागा गेली, ती सरकून जवळजवळ ‘पन’ होते. म्हणून तिथे मासा ‘फिश’ नसतो, ‘फश’ असतो. एकानं खुर्ची सोडली की सगळ्यांना सरकावं लागतं. त्यांच्या आपापसात काही बिघडत नाही, कारण सगळे एकाच वेळी सरकलेत. बिघडतं ते बाहेरून आलेल्या आपल्यासारख्याचं, कारण आपण जुन्या खुर्च्या पाहत बसतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या मुलीनं बायकोचं ऐकून संगणकावर बराच वेळ काही शोधलं. मग काळजीनं विचारलं, मिस्टर संकष्टी तुमच्याबरोबरच प्रवास करतायत का? त्यांचं नाव यादीत सापडत नाहीये. आमच्या मागच्या रांगेत एक गुजराती कुटुंब होतं. त्यातले गृहस्थ बॅगेवर बसून हसले.

हो, तो कोट. आजीबाईंनी तो टपालानं गोखिवऱ्याला पाठवला. पत्ता त्यांनी फोनवर लिहून घेतला होता, ब्राव्हो-पापा काही न वापरता. तेव्हा पाकिटावर गावाचं जे काही झालं होतं ते मी वाचून दाखवू शकत नाही. आमच्या पोस्टमनला मात्र लागलं. वसईच्या टपालखात्याला सवय आहे. मी कोट झटकला, इस्त्री केली आणि त्याच संध्याकाळी साडूंकडे पोचवला. म्हटलं, बघा, एक बटणसुद्धा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साडूंचा फोन. आवाज अगदी गंभीर. ‘अहो, कोटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी सापडली. इंग्रजीत आहे, बाईचं अक्षर दिसतंय. लिहिलंय की, ही तुमच्या मेहुण्याची शेळी परत पाठवते आहे, तिनं काही त्रास दिला नाही.’ मग जरा थांबले. ‘घरात कुणाला दाखवली नाहीये मी अजून. पण मला एक सांगा, तिकडे जाऊन तुम्ही नेमकं केलंत काय?’